लिंकमधलं तेवढं काढा

लग्न जमवणाऱ्या ऑफिसात काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते धुण्यासारखे आपोआप साठतात, आणि एक दिवस बघावं तर दारापर्यंत ढीग! लोक म्हणतात, "आक्का, तुमचं बरं हाय, बसल्या जागी करमणूक." करमणूक? डोक्याची मंडई झालीय माझ्या!

तसं बघितलं तर माझा लग्नांशी काही संबंध नाही. मी वेबसाइट बघते. बेळगावच्या खडेबाजारात भांड्यांच्या दुकानाच्या वर आप्पांचं वधू-वर सूचक केंद्र आहे. मी तिथं लागले ते कॉम्प्युटरसमोर बसायचं, माणसांशी बोलायचं काम नाही म्हणून. आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक स्थळ कुठल्यातरी कॅटेगरीत टाकायचं असतं, आणि त्या कॅटेगरीचं नाव आपोआप स्थळाच्या लिंकमध्ये येतं. बस्स, एवढंच! या एवढ्याशा गोष्टीवरनं माझं एक अख्खं वर्ष कसं गेलं, ते सांगते.

\*\*\*

आप्पा पूर्वी हायस्कुलात क्लार्क होते. त्यामुळं ऑफिसात भिंतभर लोखंडी रॅक. डावीकडं मुलं, उजवीकडं मुली. मग तालुका, मग गाव. आणि दुसऱ्या लग्नाची स्थळं लाल दोरीत बांधून सगळ्यात खालच्या फळीवर.

पहिल्याच दिवशी आप्पा म्हणाले, "जसं रॅकवर हाय, तसंच लिंकमध्ये पायजे. आणि मराठी अक्षरांत पायजे!"

मी म्हटलं, "आप्पा, मराठी अक्षरांची लिंक फॉरवर्ड केली की मोडते. भलतीच चिन्हं येतात."

"आपली भाषा आपल्या लिंकमध्ये न्हाय? बेळगावात?"

आता यावर कोण बोलणार! केली मराठीत. व्हायचं तेच झालं. व्हॉट्सॲपवर लिंक गेली की अक्षरं गायब, आणि त्यांच्या जागी नुसती टक्क्यांची चिन्हं, आकडे, परत टक्के. मोबाइलचा अर्धा स्क्रीन भरायचा.

आठवड्यात खानापूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज एकदम पडलेला.

"पोरगी पसंत हाय ओ आमास्नी. पण एवढे टक्के कशात पडल्यात तिला?"

मी म्हटलं, "काका, ते टक्के नाहीत, ती लिंक आहे."

"असू दे की. मी बसून मोजलं, चाळीसच्या वर टक्के हाईत. आमचा पोरगा बारावीला काठावर सुटलाय. झेपंल काय त्याला?"

फोन ठेवल्यावर आप्पांनीच मला सांगितलं, "इंग्रजी अक्षरं घाल. आजच घाल."

\*\*\*

मग एका सकाळी वडगावचा महादेव आला. घरात दोन माग, साड्यांचं काम. त्याची बहीण सुवर्णा. तिचं लग्न आठ महिन्यांत मोडलं होतं. नवऱ्याचं दुसरीकडं आधीपासून होतं, ते लग्नानंतर कळलं. ती माहेरी परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून मागावर बसली, असं महादेव सांगत होता.

त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर सुवर्णाची लिंक होती. मुली, तिरकी रेघ, वडगाव, तिरकी रेघ, दुसरे-लग्न, तिरकी रेघ, आणि मग सुवर्णा.

"बघा आक्का. तिच्या नावाच्या आधी ते येतंय. लोक नावापत्तोर जाईनातच. उघडून कोण बघतंय! माझी भण लई चांगली हाय ओ." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत बसला. "लिंकमधलं तेवढं काढा."

मला भारी वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी हमखास अडकते. मी म्हटलं, "काढते की!"

आप्पांचा नियम एकच होता. आत पानावर जे खरं आहे ते स्पष्ट लिहिलेलंच राहील. ते महादेवला मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की लोकांनी निदान पान तरी उघडावं. साधी मागणी होती हो, मला वाटलं अर्ध्या तासाचं काम!

\*\*\*

आप्पांना कॅटेगरी काढायचीच नव्हती. "रॅकची एक फळी काढलीस तर वरचं सगळं खाली येतंय!" शेवटी तडजोड झाली. 'दुसरे लग्न' हे नाव बदलून 'विशेष' ठेवलं. महादेव खूश, मी खूश.

पण फॉर्म लोक स्वतः भरतात, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. फॉर्ममध्ये 'सर्वसाधारण' आणि 'विशेष' असे दोन पर्याय दिसायला लागल्यावर आपल्या पोरीला सर्वसाधारण कोण म्हणेल? एमएस्सी झालेली विशेष. गाणं शिकलेली विशेष. एकीच्या आईनं तर "रंगानं गोरी" एवढ्यावरच विशेषवर बोट ठेवलेलं!

चार दिवसांनी एक जोडपं तरातरा जिना चढून वर आलं, मागं मुलीचे मामा. झालं होतं असं, की घटस्फोट झालेल्या एका मास्तरांना 'विशेष'चा अर्थ ठाऊक होता. त्यांनी यांच्या घरी फोन करून अगदी आपुलकीनं विचारलं होतं, "पहिलं कशामुळं मोडलं?"

मुलीची आई टेबलावर हात आपटून म्हणाली, "आमच्या पोरीचं अजून जमलं न्हाय, तवर तुम्ही मोडलासा कसं?"

'विशेष' त्याच दुपारी बंद.

\*\*\*

मग मी म्हटलं, लग्न पहिलं की दुसरं ते लिंकमध्ये नकोच. त्याजागी कामधंदा घालू. आप्पांनी यादी दिली: शेती, नोकरी, धंदा, घरकाम, इतर.

दुसऱ्या दिवशी खानापूर तालुक्यातल्या गुंजीहून फोन. मुलगा मच्छे गावच्या एका कारखान्यात नोकरीला, घरची भातशेती, सुट्टीच्या दिवशी पोरगा शेतात. फॉर्ममध्ये वडिलांनी 'शेती' भरलेलं.

"म्याडम, लिंकमध्ये शेती आलंय, ते काढा. शेती बघून पोरगीवाले फोनच उचलनात."

काढलं. 'नोकरी' घातलं. आठवड्यानं परत तेच. "म्याडम, आता पोरगीवाले विचारतात, नुसती नोकरी काय, जमीन न्हाय काय? दोन्ही घाला की!"

"लिंकमध्ये एकच बसतं हो काका."

"मग एक आठवडा हे, एक आठवडा ते, असं करा!"

मी कपाळाला हात लावला आणि एक नवीन कॅटेगरीच केली, 'शेती-आणि-नोकरी'. केली ती केली, अख्खा खानापूर तालुका त्यात येऊन बसला! आम्हाला त्यात घाला, आम्हाला त्यात घाला. शहापूरच्या एका दातांच्या डॉक्टरचा फोन आला, "आजोळाकडं आमचाबी अर्धा एकर निघतोय की ओ!"

या गोंधळात सुवर्णाचं काय झालं? घरच्या मागावर साड्या विणणारी बाई. आप्पांच्या हिशेबानं ती नोकरी नव्हे, धंदा महादेवच्या नावावर, आणि घरकाम म्हणावं तर दिवसभर माग चालतोय. मग ती गेली 'इतर'मध्ये.

महादेव आला. या वेळी बसलाही नाही.

"इतर म्हंजे काय आक्का? ती माणसांत न्हाय काय?"

मी मान खाली घालून सेटिंग उघडलं.

\*\*\*

तेवढ्यात आप्पांच्या डोक्यात आलं की प्रत्येक शाखेनं आपापल्या कॅटेगरी कराव्यात. आमची शाखा एकच, निपाणीला. तिथं तात्या बसतात. तात्या म्हणजे आप्पांचे मावसभाऊ, माणूस प्रेमळ, पण सिस्टीमचा पासवर्ड त्यांच्या हातात द्यायला नको होता.

तात्यांनी कॅटेगरी केल्या तीन. 'अर्जंट', 'सावकाश' आणि 'बघू'.

आणि आईबापांशी बोलून, त्यांच्या आवाजाच्या अंदाजानं, निपाणीची सगळी स्थळं तात्यांनी या तीन खात्यांत घातली! लिंका बाहेर गेल्यासुद्धा. मुली, अर्जंट, अमकी. मुलं, अर्जंट, तमका.

मी फोनवर ओरडले, "तात्या, अर्जंट असं कुणी लिहितं काय? लोक काय म्हणतील?"

"जे हाय ते लिवलंय. त्या पोराचा बा दिवसातनं चारदा फोन करतोय, त्याला काय सावकाशमध्ये घालू?"

अर्जंटची स्थळं कुणी उघडेना. एवढी घाई म्हणजे काहीतरी असणार! आणि 'बघू'वर मात्र नुसती झुंबड. ज्यांना गरज नाही त्यांच्याकडं नक्की काहीतरी आहे, अशी लोकांची खात्री पटली. तिसऱ्या दिवशी अर्जंटवाल्या सगळ्या बापांनी मिळून तात्यांना गाठलं.

"आमच्या पोरास्नी बघूमध्ये घाला!"

"घालतो की," तात्या म्हणाले. "पर कवा?"

"अर्जंट!"

\*\*\*

मी वैतागून सगळ्या कॅटेगरी लिंकमधनं उडवल्या आणि नुसते नंबर दिले. नंबरला ना जात, ना गाव, ना धंदा. आता कोण काय बोलतंय बघू, म्हटलं.

बोलले की! एक मावशी आल्या, मोबाइल पुढं केला. "ही पोरगी एकशे बाराव्या नंबरची. आणि ही परवा आलेली नवशे चाळीस. म्हंजे एकशे बारावाली किती वर्सं पडून हाय ओ तुमच्याकडं?"

झालं! नंबर लहान म्हणजे माल जुना, ही बातमी दोन दिवसांत शहापूरपासून खानापूरपर्यंत पोचली. मग आया फोन करून म्हणायला लागल्या, "आमचं नाव काढा आणि परत घाला." का? तर नंबर ताजा पाहिजे! एका मुलाला त्याच्या आईनं एका महिन्यात पाच वेळा काढून परत घातलं. तोपर्यंत एका मुलीला तो पसंतसुद्धा पडला होता, पण त्याचा जुना नंबर शोधून सापडेना म्हणून तिच्या घरच्यांनी आम्हाला फसवे म्हटलं.

सुवर्णा जुनी. तिचा नंबर अठ्ठावन्न. महादेव आला नाही, नुसता फोन केला. "आक्का, जमत नसंल तर राहू दे." हे 'राहू दे' मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

\*\*\*

शेवटी ठरवलं, लिंकमध्ये फक्त माणसाचं नाव. बाकी काही म्हणता काही नाही!

आता आपल्याकडं एकाच नावाच्या दहा मुली असणारच. सिस्टीमचं असं, की तेच नाव दुसऱ्यांदा आलं की ती पुढं आपण होऊन दोन घालते, मग तीन, मग चार. मी म्हटलं, एवढ्याशा आकड्याकडं कोण बघतंय?

तीन दिवसांनी एक हेडमास्तर आले. पांढरे स्वच्छ कपडे, हातात लिंकची प्रिंट. खुर्चीवर बसले, पाणी नको म्हणाले.

"माझ्या मुलीच्या नावापुढे दोन आहे."

"हो सर, त्याच नावाची आधी एक—"

"माझ्या मुलीचं हे पहिलंच लग्न आहे!"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. एकाच नावाचं दुसरं पान, म्हणून दोन. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग प्रिंटचं दुसरं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यावरच्या मुलीच्या नावापुढे चार होतं.

"मला समजलं हो," ते म्हणाले. "पण ही बिचारी कुठं तोंड दाखवणार?"

मी प्रत्येक नावाला वडिलांचं नाव आणि गाव जोडलं. हातानं, एकेक करत. जुनी लिंक कुणी उघडली तर नव्यावर जाईल अशी सोय केली. महिना गेला त्यात. पण शेवटी सुवर्णाची लिंक झाली: सुवर्णा, वडिलांचं नाव, वडगाव. इकडं तिकडं काही नाही. महादेव पाव किलो कुंदा घेऊन आला, "आक्का, लई उपकार झाले" म्हणाला. त्यातला निम्म्याहून जास्त आप्पांनी खाल्ला, पण मला त्या दिवशी कशाचाच राग आला नाही.

\*\*\*

दोन महिन्यांनी, दुपारी जेवणाच्या वेळेला एक बाई जिना चढून वर आली. केसांत सुताचे बारीक धागे अडकलेले, मागावरनं उठून तशीच आलेली. फोटोत बघितलं होतं म्हणून ओळखलं. सुवर्णा!

"ती लिंक तुमीच केलीसा न्हवं?"

मी डबा बाजूला सारला. म्हटलं, आता ही आभार मानणार. "अगं असू दे, कामच आहे आमचं."

"परत होती तशी करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आप्पांनी चष्मा काढला.

"तीन घरं येऊन गेली आक्का. लिंक चांगली, फोटो चांगला, म्हणून येत्यात. आत काय लिवलंय कोण वाचतंय? आईनं पोहे करायचे, मी साडी नेसून बसायचं, आणि समद्यांचं खाऊन झालं की मग अण्णा घसा खाकरून सांगणार." अण्णा म्हणजे महादेव. "त्यातली बाई माझ्याकडं अशी बघती, जसं मी तिचं काय चोरलंय. पयल्या येळला मला रडू आलं. दुसऱ्या येळला राग आला. परवाची बाई चप्पल घालता घालता म्हणाली, आधी सांगायचं तरी. आणि खरं सांगू? तिचं बरोबर हुतं."

एवढं वर्षभर राबून मी या पोरीच्या घरी तीनदा परकी माणसं नेऊन बसवली होती.

"अगं, पण लिंकमध्ये ते दिसलं तर कुणी येणारच नाही."

"न्हाय तर न्हाय! ज्याला चालतंय तोच उघडू दे की. मी काय लपवून ठेवण्यासारखं केलंय काय?"

"महादेवला विचारलंस?"

"लगीन त्याचं हाय काय?"

आप्पा खुर्चीतनं म्हणाले, "मी पयल्यापास्नं हेच सांगत हुतो!" मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी चष्मा परत घातला.

"फक्त एक करा," सुवर्णा म्हणाली. "त्यावेळी ते आधी हुतं आणि मी मागनं. आता आधी माझं नाव घाला, मग ते घाला."

सिस्टीमला हे उलटं काही पटेना. कॅटेगरी आधी, नाव नंतर, हाच तिचा हट्ट. तीनदा एरर आली. शेवटी मी तो भाग बंद करून अख्खी लिंक हातानं टाइप केली. सुवर्णा, तिरकी रेघ, दुसरे-लग्न. तिनं खुर्ची माझ्या शेजारी ओढून एकेक अक्षर वाचलं, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर ती लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली.

पाच मिनिटं गेली नाहीत तोवर फोन वाजला. तिनं स्पीकरवर घेतला.

"व्हय अण्णा, मीच टाकली... व्हय, ऑफिसातच हाय... न्हाय, कुणी शिकवलं न्हाय मला."

"आक्का हाईत काय तिथं?" महादेवचा आवाज सगळ्या ऑफिसात घुमला. "आक्का, हिचं काय ऐकू नका! आत्ताच्या आत्ता बदला ती लिंक! बदलाय येतंय न्हवं?"

सुवर्णानं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडं बघत राहिली.

माझ्यासमोर सेटिंगचं पान उघडंच होतं. बोट माऊसवर होतं.

"न्हाय रं महादेव!" मी जोरात म्हटलं. "सिस्टीममध्ये सोयच न्हाय!"